अर्थमंत्र्यांचं भाषण आणि केळ्यांची गाडी

लॉकडाऊनमध्ये अर्थमंत्री टीव्हीवर मदत जाहीर करत होत्या. मी धुळ्यात करसल्लागार. विवरणपत्रांची मुदत वाढली का, एवढंच ऐकत होतो. दारात शेजारचे बँडवाले नाना उभे होते. लग्नं बंद असल्यानं ते घरीच बसून होते.

"भाऊ, यामां आम्हनं काही शे का?"

वाजंत्र्यांसाठी काहीच नव्हतं. फेरीवाल्यांना मात्र विनातारण कर्ज मिळणार होतं. मी तसं सांगितलं.

"मंग फेरीवाला व्हसूत," नाना म्हणाले.

कर्जासाठी लागणारं महापालिकेचं शिफारसपत्र मिळायला वेळ लागला. शेवटी यावलची केळी भरून त्यांची गाडी गल्लीत आली. ओरडायची लाज वाटली, म्हणून नानांनी क्लॅरिनेट वाजवलं. माणसं गच्चीवरून खाली उतरली. केळी संपली, तरी नाना वाजवतच राहिले.