अंगठ्यानं निवडलेली गिटार

"वायर राहू द्या. आधी तशीच बोलू दे की तिला."

गिटारीच्या दुकानातला विक्रेता वायर खुपसायला पुढं झाला की ते हात आडवा धरून एवढंच म्हणायचे. इलेक्ट्रिक गिटार वायरशिवाय वाजवून बघायची, म्हणजे पंखा बंद ठेवून वारा कसा लागतो ते बघण्यासारखं, असं मला वाटायचं. त्यांचं म्हणणं वेगळं होतं. स्पीकरमधून कुठलीही गिटार गोड बोलते, खरं काय ते लाकूड आणि तारा दोघंच असताना कळतं. मग गिटारीच्या अंगाला कान लावून ते एक तार छेडायचे आणि डोळे मिटायचे. आपोआप सगळं दुकान गप्प व्हायचं.

तुमच्याही गल्लीत असा एखादा माणूस असेलच, ज्याला सोबत नेल्याशिवाय एखादी वस्तू घ्यायचं कुणाला धाडस होत नाही. कुणी फ्रिजसाठी प्रसिद्ध असतो, कुणी स्थळासाठी. आमच्या कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतले हे गिटारीसाठी होते.

धंदा म्हणाल तर मिक्सर दुरुस्तीचा. गल्लीच्या तोंडाशी दीड माणूस मावेल एवढं दुकान. तरुणपणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. शिरोळपासून राधानगरीपर्यंत ज्या गावात जत्रा, त्या गावात हे. पुढं ऑर्केस्ट्रा मोडला, संसार वाढला आणि हातात गिटारीच्या जागी मिक्सर आला. याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "वैनी, दोन्हीच्या पोटात तांब्याची तारच गुंडाळलेली असतीया. एक गातंय, एक चटणी वाटतंय."

गिटार निवडून द्यायचे पैसे ते घेत नसत. चहा मात्र हवा, तोही चार चमचे साखरेचा. मधुमेह होता, गोळ्या होत्या, बायकोची बोलणी होती. "उसाच्या जिल्ह्यात जन्मलोय, अंगात साखर असणारच की," म्हणून कप तोंडाला लावायचे.

एकदा एका ठेकेदाराच्या मुलानं, त्याच्या आईबरोबर मीही गेले होते तेव्हा, आग ओकणारी कवटी रंगवलेली गिटार पसंत केली. किंमत ऐकून मी दुकानातच खुर्ची शोधली. यांनी ती उचलली, एक डोळा मिटून बंदुकीचा नेम धरल्यासारखी तिची मान न्याहाळली आणि खाली ठेवली. "मान वाकडी हाय. चित्र आवडलं असंल तर भिंतीला लाव, वाजवू नको." मग कोपऱ्यातली तिच्या निम्म्या किमतीची, मातकट रंगाची एक काढून दिली. मुलगा फुरंगटला. वर्षभरानं तोच पेढे घेऊन आला, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पहिला आला म्हणून. "म्हैस घेताना शिंगं बघून घेत्यात व्हय?" त्यांनी त्याला पेढा खाता खाता विचारलं.

त्यांची शेवटची परीक्षा अंगठ्याची असायची. गिटारीच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांची टोकं दोन्ही कडांना येतात. स्वस्त गिटारीत ती नीट घासलेली नसतात आणि वाजवणाऱ्याची बोटं सोलतात. ते डाव्या हाताचा अंगठा कडेवरून वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवायचे. अंगठा अडला की गिटार नापास.

सई, माझी मुलगी, दहावीला असताना तिनं इलेक्ट्रिक गिटार मागितली. एवढं बघूनही मला वाटत होतं की ही वस्तू गिझरसारखी असते, बटण दाबलं की झालं. कॉलेजात मी सतार शिकायला घेतली होती. तिसऱ्या आठवड्यात शिक्षकांनीच फी परत केली, त्यामुळं घरात वाद्य म्हटलं की माझ्या मताला किंमत नव्हती. आम्ही सरळ त्यांना सोबत घेऊन राजारामपुरीत गेलो.

चौदा गिटारी बघितल्या. पंधरावी आकाशी रंगाची होती. कान लावला, मान बघितली, बटणं फिरवून खरखर येते का ऐकली. मग अंगठा फिरवला. "घे पोरी. कडा कशा, लोण्यागत."

चौथ्या दिवशी सईच्या बोटांवर ओरखडे दिसले. नवशिक्याचं असंच होतं म्हणून मी खोबरेल लावलं. आठव्या दिवशी तिचे बाबा गिटार उचलून कपाटावर ठेवायला गेले आणि हात झटकत मागं आले. मी कडेवरून बोट फिरवलं. किसणी. खोबरं किसता आलं असतं.

"काकांना कसं कळलं नसेल?" मी म्हणाले.

"त्यांचा अंगठा, आई," सई म्हणाली. "त्यादिवशी चहाचा कप किती गरम होता, मला धरवेना. त्यांनी तसाच धरून ठेवलेला." मग म्हणाली, "तू सांगू नको हं त्यांना. मी पण सांगत नाही. मी वाजवतो अशीच." कोल्हापूरच्या पोरी 'वाजवतो' म्हणतात, 'वाजवते' नाही. पण त्या दिवशी ती खरंच घरातल्या कर्त्या पुरुषासारखी बोलली.

आम्ही नाही सांगितलं. मिरजेत सतारी दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराकडं गिटार गुपचूप नेली आणि कडा घासून आणल्या. पुढच्या रविवारी ते ऐकायला आले. गिटार मांडीवर घेऊन त्यांनी अंगठा फिरवला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "सांगितलं हुतं की न्हाय, वैनी?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले आणि चहात चार चमचे साखर घातली.

खोटं कशाला बोलू, आम्हाला फार बरं वाटलं होतं. एका माणसाचा मान राखला म्हणून रात्री जेवताना आम्ही तिघंही खुशीत होतो.

त्यानंतर कुणी त्यांना गिटार निवडायला नेलं की सई सोबत जायची. त्यांचा अंगठा फिरून झाला की हळूच स्वतःचं बोट फिरवायची. टोकं बोचली तर म्हणायची, "काका, ही नको, रंग बरा नाही." ते तिला सगळ्यांसमोर झापायचे, "एवढं शिकवलं आणि रंगावरच गेलीस व्हय? डोक्यात काय बटाटं हायत?" ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. दोनदा असं झालं. घरी येऊन ती त्यांच्या रागावण्याची नक्कल करायची आणि आम्ही हसायचो.

दिवाळीच्या आधी ते एका सकाळी नवी चप्पल घालून आले. कोल्हापूरच्या माणसाला नव्या चपलेचं काही सांगायला लागत नाही. पहिला आठवडा ती चावते, आपण तेल लावतो, लंगडतो, शिव्या घालतो, मग ती आपली होते. हे पायरीवर उभे राहून एकेक पाऊल उचलून दाखवत होते. "वैनी, चार दिस झालं. जन्मात पयल्यांदा नवी चप्पल चावली न्हाय बघा."

"कुठल्या दुकानातली?" मी विचारलं.

त्यांनी चप्पल लाइनीतलं दुकान सांगितलं. मी लोभी बाई, संध्याकाळीच जाऊन त्याच दुकानातून तशीच जोडी आणली. दुसऱ्या दिवशी माझ्या अंगठ्याजवळ टरारून फोड आला. मी लंगडत त्यांच्या दुकानासमोरून जाताना म्हणाले, "तुमची गरीब गाय, माझी मात्र पहिल्याच दिवशी चावली."

"तुमचा पाय नाजूक," ते हसले. "सायबाची बायको की तुमी."

मीही हसले. त्यांच्या हाताचं माहीत होतं, माझ्या पायाला फोड होता, चप्पल तीच होती. एवढं सगळं समोर असून मला काही सुचलं नाही. मला वाटलं, त्यांची जोडी चांगली निघाली.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या बायकोला फरशीवर डाग दिसले. तिला वाटलं, हळद सांडली. मग तिनं त्यांचा पाय उचलून बघितला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "हाता-पायाची संवेदना कधीपासून गेली आहे? मधुमेहात पायापासून सुरू होतं हे, हातापर्यंत यायला वेळ लागतो. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

त्यांची बायको म्हणाली, "न्हाय ओ. ते कदी काय बोललंच न्हाईत."

सई माझ्याकडं बघत होती. मी भिंतीवरचा हात धुण्याच्या सूचनांचा कागद वाचत होते.

आधी पायाची दोन बोटं काढली. मग घोट्यापर्यंत पाऊल. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांनी सईनं त्यांना सगळं सांगितलं. मी थांबवलं नाही, पुढंही झाले नाही. किसणीसारख्या कडा, मिरजेचा कारागीर, रंगाचं निमित्त. ती सांगत होती तसे ते छताकडं बघत होते.

"बाकीच्या दोन गिटारी?" त्यांनी विचारलं. "त्या कुणी घेतल्या?"

"कुणी नाही. मी रंगाचं नाव सांगून परत ठेवायला लावल्या. दुसऱ्या चांगल्या घेतल्या त्यांनी."

"बरं झालं. पोरांची बोटं सोलली नसती तर काय." म्हणजे सोलली असती, असं त्यांना म्हणायचं होतं. औषधांमुळं शब्द इकडंतिकडं होत होते. मग त्यांनी डावा हात पांघरुणाबाहेर काढून उलटसुलट करून बघितला. "मला वाटायचं, ह्यो अजून काम करतोय. तू करत हुतीस व्हय ते."

सई रडायला लागली. "मी सांगायला पायजे होतं, काका."

"तू ल्हान हाईस. गप."

आणि त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

"वैनी, तुमी तर मोठ्या हुता."

 मी म्हणाले, "पाणी देऊ का?" ते "द्या" म्हणाले. मी पाणी दिलं, ते प्यायले. त्यानंतर आमच्यात गिटारीचं बोलणं झालं नाही. बारा दिवसांनी जखमेचं विष अंगभर पसरून ते गेले.

त्यांच्या बायकोच्यानं दुकान उघडवेना, म्हणून महिन्याभरानं तिनं किल्ली माझ्याकडं दिली. दुरुस्तीला आलेले मिक्सर लोकांना परत करायचे होते. दर रविवारी सकाळी दोन तास मी त्यांच्या स्टुलावर बसू लागले. प्रत्येक मिक्सरला त्यांनी दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. गिचमिड अक्षरात नाव आणि रोग: 'आवाज करतो', 'मधेच थांबतो', 'झाकण बसत नाही'. लोक यायचे, हळहळायचे, आपापला मिक्सर घेऊन जायचे.

शेवटी एक राहिला. त्याची मालकीण एका रविवारी आली, रंकाळ्याकडून चालत. पिशवी तिनं घडी घालून आणली होती. ते गेल्याचं तिला माहीत होतं.

"झालाय का हो माझा?" तिनं विचारलं.

मिक्सर पुसून ठेवलेला होता, वरून अगदी नवा दिसत होता. मी तो खाली काढला, वायर लावली आणि तिच्यासमोर बटण दाबलं. काही झालं नाही.

"नाही," मी म्हणाले. "नाही झाला."

तिनं एकदा बटण स्वतः दाबून बघितलं. मग पिशवी तशीच काखेत धरून म्हणाली, "असू दे मग हितंच," आणि पायरी उतरून गेली.