गाऱ्हाण्यातली दोन नावं

नागावजवळच्या एका गावात कबड्डीच्या अंतिम सामन्याआधी देवीसमोर संघातल्या आणि पाठीराख्यांच्या प्रत्येक घराच्या सुखासाठी गाऱ्हाणं घालतात. नवरा-बायको दोघांची नावं घेतात. मी बातमीसाठी गेलो होतो. संघाची जर्सी घातलेले पन्नाशीचे एक गृहस्थ सारखा घाम पुसत होते. शेजारी त्यांचे आयुष्याचे जोडीदार, मूळचे मुंबईचे, उभे होते.

"बारा वर्षं एकत्र राहतो आम्ही," गृहस्थ मला म्हणाले. "पण दरवर्षी माझ्या एकट्याचंच नाव घेतात. यंदा गाऱ्हाणं घालणाऱ्या काकांना सांगितलंय, दोघांचं घ्या."

"नाही घेतलं तर?"

"तरी सामना बघणार. देवी माझी, संघ माझा. रुसून जाऊ कुठे?"

त्यांच्या घराची पाळी आली तेव्हा वृद्ध काकांनी दोघांकडे वळून पाहिलं. गृहस्थांनी डोळे मिटले. काकांनी दोन्ही नावं खणखणीत घेतली. "ह्या दोघांचं घर सुखी ठेव गं आई!"

"आणि हा पंचांना शिव्या घालतो, तेवढं थांबव!" मागून कोणीतरी ओरडलं. सगळे हसले, गृहस्थ सर्वांत मोठ्यानं.

नारळ फुटल्यावर काकांनी खोबऱ्याचं ताट जोडीदारांच्या हातात दिलं. "बघत काय ऱ्हायलास? घरचा ना तू? वाट परसाद!"