तात्यांची काठी आणि आपला अमेरिकन

माझ्या आजोबांनी एका अमेरिकन माणसाशी आयुष्यभर स्पर्धा केली.
त्या माणसाला हे कोणी कळवलं नाही.

आज तात्यांना जाऊन वीस वर्षं झाली.

आंबेनळी घाटाखालची त्यांची वाडी. ओढे भरले की तिथली माणसं लांब बांबू रोवून पलीकडे उडी घेत. नियम एकच, काठी हातातून सुटता कामा नये.
संस्कृतात हे सूत्र झालं असतं आणि त्यावर चार भाष्यं निघाली असती. वाडीत बापाचा एक फटका पुरे होता.

एकोणीसशे तीसच्या दशकातली गोष्ट. तात्या महाडला शाळेत होते. ड्रिलमास्तरांनी बांबूउडी, म्हणजे पोल व्हॉल्ट, सुरू केली आणि वर्तमानपत्रातला एक फोटो भिंतीला चिकटवला.
अमेरिकेचा चॅम्पियन. आडव्या पट्टीच्या वर, आभाळात.

स्पर्धेच्या दिवशी पणजोबा वाडीहून चालत आले. खांद्यावर अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला बांबू. चांदण्या पंधरवड्यात तोडला तर भुंगा लागतो.
फोटोपुढे बराच वेळ उभे राहिले.

"ह्याची काठी कुठं हाय?"
"सोडली त्यानं. वर गेल्यावर सोडायचीच असते."
"मग परत येताना काय करनार हा?"

तात्या बांबू घेऊन मैदानाकडे पळाले.

पहिली उडी. तात्या पट्टीवरून गेले, काठीसकट. काठीने पट्टी पाडली.
दुसरी उडी, तेच.
मास्तर म्हणाले, "अरे, सोड की ती."
"कशी सोडू? बापूस बसलाय समोर."

आता एकच उडी उरली.
पणजोबा उठले, पट्टीच्या अलीकडे येऊन उभे राहिले.
"सोड," म्हणाले. "मी हाय खाली."

तात्यांनी सोडली.

पेंढ्यावर पडल्या पडल्या मागे वळून पाहिलं. पट्टी जागेवर होती, आणि काठी बापाच्या हातात. जमिनीला टेकलीच नव्हती.

तात्या पहिले आले. पणजोबांनी पोलादपूरपर्यंत भेटेल त्याला सांगितलं ते एवढंच, "काठी पडली नाय."

पुढे आपल्या अमेरिकनाची (तात्यांचा शब्द) सगळं करिअर वाण्याच्या पुड्यांच्या कागदांतून घरी आलं. एक रेकॉर्ड साखरेचा, एक हळदीने पिवळा. नाव नेहमी घडीत फाटलेलं.
ते दोन-तीन निरनिराळे अमेरिकन असावेत, असं मी एकदा सुचवून पाहिलं. दोन दिवस अबोला.

तो चौदा फुटांच्या वर गेला. तात्या दहावर थांबले.
"पन काठी बांबूचीच ना त्याची? मग तो आपलाच."

म्हातारपणी टीव्हीवर फायबरची, वाकणारी काठी पाहिली.
"ही काठी नाय, गलोल हाय."

शेवटच्या आठवड्यात बोलणं थांबलं. तोच बांबू कापून केलेली हातकाठी मात्र अंथरुणातही मुठीत घट्ट. डॉक्टरांना सोडवेना, आईला सोडवेना.

मी कानाशी जाऊन म्हटलं, "तात्या, सोडा. मी हाय खाली."
आयुष्यात पहिल्यांदाच मी 'हाय' म्हणालो असेन.

बोटं उघडली.

काठी आजही आमच्या दारामागे उभी आहे. माझी सून केर काढतानासुद्धा ती आडवी ठेवत नाही.

पडली नाही, तात्या.
नमस्कार.