सुग्रीवआबांचा मळका स्पंज

सुग्रीवआबांनी धारूरच्या बाजारात आपली सगळी मेंढरं विकली, त्या दिवशी गल्लीतले चार रिकामटेकडे मुद्दाम त्यांच्या मागून गेले होते. म्हातारा रडतो का, एवढंच बघायला. पंचेचाळीस वर्षं ज्यानं मेंढरांमागं रानं तुडवली, तो एक तरी हुंदका देईल की नाही! पण टेम्पोचं फाळकं लागलं, आतून बें-बें ऐकू आलं आणि आबांनी धोतर झटकून विचारलं, "चहा घ्यायचा का?" लोकांची मोठी निराशा झाली.

गुडघे गेले म्हणून मेंढरं गेली. मुलगा परमेश्वर तहसिलीत कारकून, त्यानं स्लॅबचं घर बांधलेलं. त्या घरात आबांना एक प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली आणि समोर बघायला भिंत. जेवता का? बरं. झोपता का? बरं. बाहेर पाहुणे आलेत. बरं. गल्लीतल्या बायका रतनबाईंना म्हणायच्या, "लई गुणी झाला बया तुमचा माणूस!" रतनबाई म्हणायच्या, "न्यायचा का तुमच्या घरी? मला भांडायचा तोच बरा होता."

जूनमध्ये नात संस्कृती डॉक्टरकीच्या क्लासला लातूरला गेली आणि त्या भिंतीला लावून दोन फुटांची काचेची पेटी ठेवून गेली. पेटीत सात गोल्डफिश. जाताना आबांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आबा, दिवाळीला येते. तवर सांभाळा. मेले तर मी तुमच्याशी बोलणार न्हाई, सांगून ठिवते."

"बरं," आबा म्हणाले.

ऑगस्ट संपेस्तोवर सातांतले चार गेले.

मेलेला मासा आबा ओंजळीत घेत, जास्वंदीच्या कुंडीत पुरत आणि हात धुऊन खुर्चीत बसत. आपल्या आत काही हलतं का, हे ते बघत. काही हलत नसे. ते हलत नाही याचंही त्यांना काही वाटत नसे. फक्त एवढं कळत होतं की उरलेले तीनही गेले तर पोर बोलायची नाही, आणि घरात आपणहून त्यांच्याशी बोलणारी ती एकटीच होती.

परमेश्वरनं जुलैतच मोबाइलवरून फिल्टर मागवला होता. काचेच्या कडेला अडकवायचा, छोट्या धबधब्यासारखा. "बाबा, चार हजार लोकांनी चांगला म्हणलंय याला."

"त्या चार हजारांत धारूरचा कोण हाय?" रतनबाईंनी विचारलं.

कुणीच नसावा. कारण लाइट गेली की त्यातलं पाणी खाली उतरायचं, आली की मोटार कोरडीच घरघरायची. धारूरची लाइट ती, तिसऱ्या आठवड्यात मोटार जळाली. मग परमेश्वरनं जंगी फिल्टर आणला. त्यानं पेटीत असा पूर आणला की मासे समोरच्या काचेला चिकटून राहिले. आबा दिवसभर त्यांच्याकडं बघत बसले. मासे आबांकडं. कोण जास्त सुन्न, हे ठरवायला पंच बसवावे लागले असते. शेवटी परमेश्वरनं तो खोक्यात भरला आणि पहिल्याच फिल्टरला दुसरी मोटार बसवून आणली.

पण आबांचं डोकं, त्यांच्याही नकळत, एका कामाला लागलं होतं. मेंढरू मेलं की आधीच्या तीन दिवसांत ते कुठं चरलं, काय प्यालं, हे मागं मागं शोधत जायचं, ही जन्माची सवय. मासे कुठं चरायला जात नव्हते. मग त्यांच्याकडं काय आलं होतं?

नळ. आठ-दहा दिवसांनी एकदा नळाला पाणी येई आणि त्या दिवशी सगळी गल्ली काय-काय धुऊन काढे! गोधड्या, पायपुसणी, सायकली, एकानं तर शेळी धुतली होती. सून योगिता मोठी टापटिपीची. ती नळ आला की फिल्टरमधला स्पंजही काढायची, नळाखाली धरून ब्रशनं घासायची, पांढरा शुभ्र करून परत बसवायची. आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांत एक मासा उलटा व्हायचा. चार वेळा स्पंज धुतला, चार मासे. आबांनी बोटांवर दोनदा मोजून बघितलं. मग कोणाला काही न बोलता टोपी घातली आणि अंबाजोगाईची एसटी धरली.

तिथं माशांचं दुकान होतं अभिमन्यू नावाच्या तिशीतल्या माणसाचं. त्यानं आबांचं धोतर बघितलं आणि आधी पाण्याचा ग्लास पुढं केला. आबांनी ग्लास ठेवून सगळं सांगितलं, नळासकट.

अभिमन्यूनं कपाळावर हात मारला. "आबा, स्पंज नळाखाली धुतला? नळाच्या पाण्यात जंतू मारायची पावडर असती. स्पंजात बारीक जीव राहतेत, डोळ्याला दिसत न्हाईत. मासे घाण करतेत, ते जीव ती घाण खातेत. तेच फिल्टर. बाकी मोटार-बिटार नुसती पाणी फिरवायला. तुमी दर नळाला त्यांचा गावच धुऊन काढलाय."

 आबा सावकाश म्हणाले, "आमी शेतात मेंढरं बसवायचो. रातभर. लेंड्या पडायच्या तिथंच पीक जोमानं यायचं. तो शेतकरी दुसऱ्या दिवशी येऊन रान झाडून घेऊ लागला तर काय राहील?"

अभिमन्यू हसला. "बरोबर! तुमाला लवकर कळलं. डिग्रीवाल्यांना समजून सांगता सांगता माझा घसा बसतो." त्यानं कपाटातून तीन फिल्टर काढले. एक चकचकीत काळा, परदेशी नावाचा. एक काचेच्या आत बसणारा. आणि तिसरा अगदी साधा, नळीला लावलेला स्पंजाचा गोळा, हवेच्या पंपावर चालणारा. "मी म्हणीन हा साधा घ्या. जळायला आत मोटारच न्हाई. हवेचा पंप बाहेर. लाइट गेली-आली तरी आपोआप सुरू. बॅटरीवाला पंप पुढच्या आठवड्यात येतोय, तवर हा साधा न्या. फक्त नव्या स्पंजात जीव भरायला महिना लागतो."

"महिनाभर तीन मासे राहतील?"

अभिमन्यूनं नकारार्थी मान हलवली.

आबा उठले. गुडघा धरत दुकानातल्या मोठ्या पेटीपाशी गेले. त्यात वीस-पंचवीस मासे मजेत फिरत होते आणि कोपऱ्यात तसलाच स्पंज बुडबुडे काढत होता, पार काळपट, शेवाळलेला, बुळबुळीत. आबा वाकून बराच वेळ बघत राहिले. बाजारात मेंढी बघताना बघायचे तसेच.

"हा दे."

"आबा, तो जुना हाय! दोन वर्सं झाली त्याला."

"म्हणूनच दे. नवा तू तुझ्या पेटीत टाक, तुझ्याकडं अजून तीन स्पंज चालतेत. पैसे नव्याचेच घे."

 अभिमन्यूनं पेटीतलंच पाणी पिशवीत भरलं, स्पंज त्यात सोडला, पंप वेगळा बांधून दिला. "तोंड बांधू नका. त्यांना हवा लागती."

एसटीत आबा ती उघडी पिशवी दोन्ही हातांनी मांडीवर धरून बसले. गल्लीतला शहादेव नेमका त्याच गाडीत. "आबा, अंबाजोगाईला येऊन पोतेरं विकत घेतलं का? धारूरात मिळंना का?"

"धारूरातलं लई स्वच्छ असतं," आबा म्हणाले. शहादेवनं ही गोष्ट त्याच संध्याकाळी निम्म्या गावाला सांगितली. गोष्टीतला विनोद त्याला कळला होता असं वाटत नाही.

घरी योगितानं नाकाला पदर लावला. "मामा, ही घाण आधी धुऊन देते."

"न्हाई." आबांचा आवाज एवढा मोठा निघाला की रतनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मग त्यांनी आवाज उतरवला. "कंपनीनं सांगितलंय, याला नळाचं पाणी लावायचं न्हाई. मी बघीन याचं."

आधीचे चार कशानं गेले, ते योगिता समजली असावी. त्या रात्री ती नीट जेवली नाही. आबांनी दुसऱ्या दिवशी तिला बोलावून माशांना दाणे टाकायचं काम दिलं. चिमूटभरच, जास्त न्हाई.

पुढच्या नळाला कोणी मेलं नाही. पण पाचव्या दिवशी सकाळी नऊला गल्लीची डीपी जळाली. लाइनमन येऊन वर बघून गेला, दुपारी बघू म्हणाला. पंप बंद, बुडबुडे बंद. अकरा वाजता तिन्ही मासे पाण्याच्या वर तोंडं काढून पापापा करायला लागले.

आबांनी तांब्या घेतला. पेटीतलंच पाणी भरायचं, हातभर उंचीवरून परत ओतायचं. भरायचं, ओतायचं. हवा मिसळावी म्हणून. परमेश्वर कचेरीत, योगितानं हात बदलते म्हणून बघितलं, आबांनी तांब्या दिला नाही. बारा वाजले, एक वाजला. रतनबाईंनी भाकरीचा तुकडा तोंडात घातला, तो त्यांनी चावला. शहादेव दारातून डोकावला, "काय वो आबा, दूध उकळून थंड करताय का?" म्हणाला, आणि आबांनी वळूनही बघितलं नाही तेव्हा आपसूक निघून गेला.

मासे खाली गेले. पुन्हा वर आले. पुन्हा गेले.

चारला वर पंखा फिरायला लागला. कोपऱ्यातल्या काळ्या स्पंजातून आधी एक, मग ओळीनं बुडबुडे सुटले. तिन्ही मासे त्याच्याजवळ जाऊन थांबले.

आबा ओतत होते. भरायचं, ओतायचं. गालावरून घाम उतरून पेटीच्या काठावर पडत होता.

"मामा, लाइट आली," योगिता म्हणाली.

आबांना ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. तांब्या भरला, वर गेला, रिकामा झाला. योगिता पुढं व्हायला लागली तशी रतनबाईंनी तिचा हात धरला.

"राहू दे," त्या हळू म्हणाल्या. "वतू दे त्यास्नी."