रंगूबाईच्या हातातली तोटी

कुंडलच्या रंगूबाईवर लिहायला बसलो, तर आमच्या लिहिणाऱ्यांतलेच काही म्हणाले, "बाईनं एक तोटी फिरवली, त्यात लिहायचं काय?" त्यांनी त्र्याहत्तर सालचा कुंडल-सांगली रस्ता बघितलेला नाही. त्या रस्त्यापायी मी सायबांच्या दारात बसून बोंबललोय. ऊसगाड्यांच्या चाकांच्या लोखंडी धावांनी त्याचं पार वावर केलं होतं.

रंगूबाईचा नवरा लालासाहेब माझा शेजारी, पलटणीत गाड्यांचा मिस्त्री. पेन्शनीत आल्यावर त्यानं लिलावातली जीप घेतली आणि आजारी माणसाला हादरे बसू नयेत म्हणून डोकं चालवलं. मागं ट्रकच्या फुगवलेल्या ट्यूबा, त्यांवर फळी. ट्यूबांतून एक नळी रिकाम्या बंद पिंपात, मधे तोटी. तोटी उघडली की हवा ये-जा करून फळी मऊ व्हायची, मिटली की कडक. बारीक खळग्यांना मऊ पाहिजे. मोठ्या खड्ड्याला कडक, नाहीतर फळी तळाला आपटायची.

चाचणीला त्यानं माणसाऐवजी गुळाच्या ढेपा बांधल्या. ढेपा जागच्या हलल्या नाहीत. गडी मिशीला पीळ देऊन उभा!

"ढेप कवा कण्हती व्हय?" रंगूबाई म्हणाली. "तिला ना मान, ना कंबर. काकवी ठिवा."

तोंडापर्यंत भरलेली काकवीची घागर ठेवली. जीप मी हाकत होतो, तोटीवर लालासाहेब. तो डोळ्यांनी खड्डा हेरून तोटी मिटायचा, पण खड्ड्याची खोली डोळ्यांना कळते थोडीच? वेशीपर्यंत निम्मी काकवी फळीवर.

"उठा आवं तितनं." रंगूबाई एक हात घागरीवर आणि एक तोटीवर ठेवून बसली. "डोईवर पाणी आणताना घागर डुलाया लागली की मान आपसूक सावरती. तसंच हाय ह्ये."

घागर पुन्हा तोंडापर्यंत भरून घेतली. परतताना सांडली ती चूळभर.

पुढं गावातला भाऊसो विहीर खणताना कपारीवरून खाली आला. मणक्याला मार. गावचे डॉक्टर म्हणाले, वाटेत जोराचा हिसका बसला तर पाय जन्माचे गेले. त्याला फळीवर बांधलं. स्टिअरिंगवर लालासाहेब, मागं मी. रंगूबाईनं या वेळी घागर घेतलीच नाही. तळहात सरळ भाऊसोच्या छातीवर ठेवला.

लालासाहेब गडबडला. "अगं, परक्या गड्याच्या छातीवर हात? लोक काय म्हणतील?"

"आजपासनं भाऊ हाय माझा. तुमी म्होरं बघा!"

"गाडी काढ रं!" मीही खेकसलो.

छाती हेलकावायला लागली की तोटी फिरायची. ओढ्यात चाक धसलं तेव्हा माझं कपाळ वरच्या दांडीवर फुटलं. भाऊसोचा मात्र हूं की चूं नाही. मी त्याच्या तोंडावर वाकलो.

"गेला का काय गं?"

"झोपलाय. वरडू नगंस."

सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या तळपायावरनं किल्ली ओढली. अंगठा वळला. बोटंही हलली. लालासाहेबानं तोंड फिरवलं आणि टोपीनं डोळे पुसले. रंगूबाईची बोटं आखडून गेली होती; ती मला शेकून सोडवावी लागली.

एवढं करून बाई गप्प बसली असेल? छे! येताना सगळी वाट नवऱ्याला बोलत होती, ओढ्यात गाडी जोरात का घातली म्हणून.

भाऊबीजेला भाऊसो काठी टेकत, पण स्वतःच्या पायांनी तिच्या दारात आला.

"आरं, जीप धाडली असती की!" ती पाट मांडता मांडता ओरडली.

"नगं आक्का," भाऊसो म्हणाला. "त्या जीपमधी लय झोप येती."