टायगरची मखमली गादी

"तुम्ही फक्त सही मारा, डॉक्टर. बाकी मजकूर मुनीमजीनं लिहूनच आणला आहे."

बाबूसेठनी कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि तो उडू नये म्हणून त्यावर माझाच पेपरवेट ठेवला. शिक्का कुठे मारायचा तेही त्यांच्या मुनीमजींनी पेन्सिलीने गोल काढून दाखवलं होतं. इतकी सोय माझी माझ्या खात्यानेही कधी केली नव्हती.

मी कागद वाचला. 'आमचा अल्सेशियन कुत्रा टायगर यास आमचा चौकीदार दशरथ याने काठीने वारंवार मारहाण करून जखमी केले, असे तपासणीअंती आढळून आले.' म्हणजे तपासणी मी केली होती आणि आढळलं होतं मुनीमजींना.

आणीबाणी उठून दोन-तीन वर्षं झाली होती. मी तेव्हा तुमसरला जनावरांचा डॉक्टर होतो. माझे पेशंट म्हणजे बैल, म्हशी, शेळ्या आणि क्वचित एखादी कोंबडी. कुत्रा असा एकच, बाबूसेठचा टायगर. बाबूसेठची राइस मिल होती, मोठा बंगला होता आणि त्या बंगल्याला शोभेल असं काहीतरी भुंकणारं पाहिजे म्हणून त्यांनी नागपूरहून हे पिल्लू आणलं होतं. नागझिऱ्याचं वाघांचं जंगल तेव्हा ज्या जिल्ह्यात होतं, तिथे कुत्र्याचं नाव टायगर ठेवायला छाती लागते. ती सेठजवळ होती.

"हे तुम्ही कशावरून लिहिलं?" मी विचारलं.

"तुमच्याच रजिस्टरवरून. मुनीमजी परवा वाचून गेला. पाहा ना काढून."

कंपाउंडर मेश्रामने रजिस्टर काढलं. तीन महिन्यांपूर्वीची नोंद माझ्याच अक्षरात होती: 'दोन्ही कोपरांवर व मागच्या घोट्यांवर जखमा. मार लागला असावा.' मला ती लिहिल्याचं आठवतही नव्हतं. बाहेर बारा-चौदा बैल उभे असले आणि कारण कळलं नाही, की डॉक्टर असं काहीतरी लिहून मोकळा होतो. 'असावा' हा आमच्या धंद्यातला फार उपयोगी शब्द आहे. त्यात काही सांगितल्यासारखं वाटतं आणि सांगितलेलं काही नसतं. मुनीमजींनी त्याची 'वारंवार मारहाण' केली होती.

"सही झाली की कागद ठाण्यात जाईल," सेठ म्हणाले. "कामावरून तर मी त्याला कालच काढला. मिलच्या साऱ्या मजुरांसमोर. पण एवढ्यावर सोडणार नाही. मुक्या जनावराला मारतो म्हणजे काय!"

मुक्या जनावराबद्दल त्यांना खरंच कळवळा आला होता. तो कळवळा पाहून मलाच थोडी लाज वाटली, कारण मी तीन महिने त्याच कुत्र्याला झिंकचं मलम लावत होतो. जखम आठ दिवसांत सुकायची, पंधरा दिवसांत पुन्हा उघडायची. पेनिसिलिन देऊन झालं, पट्ट्या बांधून झाल्या. जखम परत का येते, हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. तो पडला नव्हता.

"कुत्रा कुठे आहे?"

"जीपमध्ये. ड्रायव्हरजवळ."

मी बाहेर आलो. दवाखान्याच्या फाटकाशी दशरथ उभा होता. कोणी बोलावलं नसताना आला होता, पायी. पन्नाशीचा माणूस, मूळचा दिघोरीकडचा. चौकीदाराची खाकी टोपी आदल्या दिवशी काढून घेतलेली, त्यामुळे डोकं उघडं. टायगरने त्याला पाहिलं आणि ड्रायव्हरच्या हातातला पट्टा असा ओढला की ड्रायव्हर जीपमधून जवळजवळ उतरलाच. कुत्रा जाऊन दशरथच्या पायांवर लोळला. काठीने मारणाऱ्या माणसासमोर कुत्रा लोळत नाही, पोटाखाली शेपूट घालून लांब सरकतो. पण शेपटीची साक्ष ठाण्यात चालत नाही.

"दशरथ, खरं सांग. कधी हात उचलला होतास?"

"मी काहून मारीन जी याले? माह्या हातानं भाकर खाते तो."

"मग या जखमा?"

सेठ ऐकत नाहीत ना, हे पाहून तो म्हणाला, "तो पिंजरा हाय ना जी, त्याच्यातली गादी. मी सेठले दोनदा म्हटलं, का याले ते रुतून राहिली. सेठ म्हणे, तुले काय समजते, तू कधी गादीवर झोपला का?"

"मग मला का नाही सांगितलंस? दर आठवड्याला तूच तर आणत होतास त्याला."

"तुमी इचारलं नाई जी. तुमी मलम देल्लं."

 

मी खाली बसून कुत्र्याला पुन्हा पाहिलं, या वेळी नीट. डाव्या कोपरावर रुपयाएवढी जखम, उजव्या कोपरावर तेवढीच. मागच्या दोन्ही घोट्यांवरही जोडीजोडीने. रागाने काठी मारणारा माणूस दोन्ही बाजू मोजून सारखं मारत नाही. आणि मानेच्या मागे केस झिजून कातडं दिसत होतं. हे मी तीन महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं, कारण जखम कोपरावर होती आणि मी कोपरच पाहत होतो.

आत येऊन मी सेठना म्हटलं, "सही तुमच्या बंगल्यावर येऊन करतो. जागा पाहिल्याशिवाय पंचनामा पुरा होत नाही."

पंचनामा हा शब्द सेठना आवडला. "या ना, चहाही होईल," ते म्हणाले.

मी मेश्रामला आणि दशरथला घेऊन गेलो. व्हरांड्यात दोन व्यापारी पाहुणे चहा पीत बसले होते, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची नजर पहिल्यांदा पडेल अशा ठिकाणी तो पिंजरा होता. अँगल आयर्नचा, तळालाही त्याच लोखंडी पट्ट्या, मिलच्या वेल्डरने बनवलेला, वर चांदीसारखा रंग. डोक्यावर टिनाचं छप्पर. दारावर पितळी पाटी, तिच्यावर मिलचं नाव मोठं आणि टायगरचं नाव लहान. आत लाल मखमलीची गादी, कडेने सोनेरी झालर. असं अंथरूण त्या बंगल्यात सेठशिवाय कोणाला असेल असं वाटत नाही.

"कसा आहे?" सेठनी विचारलं.

"माप कधी घेतलं होतं?"

"कुत्रा आणला तेव्हा. सहा महिन्यांचा होता."

"आता तो दोन वर्षांचा आहे."

मी टायगरला आत जायला सांगितलं. तो गेला नाही. दशरथने हाक मारली तेव्हा गेला, आणि आत जाऊन मान खाली घालूनच उभा राहिला, कारण वर लोखंडी पट्टी होती. मानेचे केस तिथे झिजले होते. वळून दाखव म्हटलं असतं तर त्याला आधी बाहेर यावं लागलं असतं.

कुत्र्याच्या पिंजऱ्याचा हिशेब सोपा आहे. त्याला मान वर करून उभं राहता आलं पाहिजे, जागच्या जागी वळता आलं पाहिजे आणि चारही पाय लांब करून झोपता आलं पाहिजे. एवढं जमलं तर तो त्याला घर समजतो, नाहीतर ती कोठडी असते. दार दिवसा उघडं ठेवायचं आणि वर सावली हवी. टिनाखाली एप्रिल-मे महिन्यात आपण आपली चपलाही ठेवत नाही.

"आणि गादीत काय भरलं आहे?"

"भुसा," सेठ अभिमानाने म्हणाले. "आपल्याच मिलचा. तुमसरात राहून कापूस कोण विकत घेते, डॉक्टर?"

हे ऐकून मला सगळं समजलं. धानाचं साल निघतं ते तूस. मिलमध्ये त्याला सरसकट भुसा म्हणतात. आमच्याकडे त्याचे डोंगर असतात. बॉयलरमध्ये तो जळतो, विटांच्या भट्टीत जातो, बर्फाच्या लाद्यांवर पसरतात. ज्याच्या अंगणात भुशाचा डोंगर आहे त्याला जगातली प्रत्येक पोकळी भुशानेच भरावीशी वाटते. पण भुसा निसरडा असतो. वजन पडलं की तो मधून सरकतो आणि कडांना जमा होतो. बाहेरून पाहणाऱ्याला गादी गुबगुबीत दिसते आणि झोपणाऱ्याच्या कोपराखाली मखमलीचा एक पदर उरतो, त्याखाली अँगल आयर्न. जड कुत्रा कोपरं टेकून बसतो. हाडावर फक्त कातडं, खाली लोखंड. आधी घट्टा पडतो, मग तो फुटतो. माणूस अंथरुणाला खिळला की पाठीला जखमा होतात, तशीच ही जखम. तिच्यावर मलम लावून पुन्हा त्याच जागी निजवायचं, हा उपाय मी तीन महिने केला होता.

"सेठ, सदऱ्याची बाही वर करा आणि कोपर इथे, मधोमध टेका. भार देऊन. पाच मिनिटं."

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"पंचनामा."

सेठ जागचे हलले नाहीत. पाहुण्यांपैकी जे वयस्क व्यापारी होते, त्यांना गंमत वाटली. "हटा सेठ, मी पाहतो," म्हणत ते धोतर सावरून पिंजऱ्याच्या दाराशी बसले आणि कोपर टेकलं. एक मिनिटही झालं नसेल.

"बाप रे! खाली तर नुसतं लोहा हाय! सेठ, याच्यावर तुमी कुत्रा निजवता?"

दुसरे पाहुणे चहा सांडेपर्यंत हसले. मी खिशातल्या कात्रीने गादीची शिवण उसवली. आतला भुसा ओला, काळपट, मुंग्या लागलेला. वासाने मेश्राम दोन पावलं मागे सरकला. झालर मात्र नवीकोरी होती.

"मग आता त्याला काय सोन्याची खाट देऊ?" सेठ तापले.

"सुतळीची द्या. बुटकी. तिच्यावर बारदान्याचं पोतं, पोत्यात तणस भरून." धान झोडल्यावर जो पेंढा उरतो, तो आमच्याकडे तणस. ते दबतं पण सरकत नाही, आणि त्यातून हवा जाते. "आठ दिवसांनी तणस बदलायचं, पोतं उन्हात टाकायचं."

"तणस? माझ्या व्हरांड्यात? लोक म्हणतील बाबूसेठनं बंगल्यात गोठा काढला!"

जखमेपेक्षा त्यांना हे जास्त लागलं होतं. मी वाद घातला नाही. दवाखान्याचा छापील कागद घेतला आणि इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: स्पेशल स्ट्रॉ बेड, मेडिकेटेड, वीकली चेंज. मेडिकेटेड म्हणजे खाली कडुनिंबाचा पाला. सेठनी तो कागद दोनदा वाचला, पाहुण्यांना दाखवला आणि घडी करून खिशात ठेवला. तणस त्यांना चालत नव्हतं, स्ट्रॉ चालत होता.

मग मी मुनीमजींचा कागद फाडला आणि दुसरा लिहिला. 'जखमा मारहाणीच्या नाहीत. पिंजरा अपुरा व गादी अयोग्य असल्याने झालेल्या आहेत.' इथे थांबता आलं असतं. पण रजिस्टरातली ती जुनी ओळ तिथेच राहिली असती आणि उद्या आणखी कोणी तिची मारहाण केली असती. म्हणून पुढे लिहिलं: 'पूर्वीच्या नोंदीतील माझा अंदाज चुकीचा होता.' नोकरीत मी हजारो कागद लिहिले. इतकं लहान आणि इतकं जड वाक्य दुसरं लिहिलेलं नाही. दोन प्रती केल्या, शिक्के मारले. एक सेठना दिली, एक दशरथला. दवाखान्यात परतल्यावर रजिस्टरातही लाल शाईने तेच लिहिलं.

पाहुण्यांसमोर सेठना काहीतरी बोलणं भाग होतं. "ठीक आहे. उद्यापासून ये कामावर," ते दशरथला म्हणाले. आवाज असा, की जणू बक्षीस देत आहेत.

दशरथने कागद दोन्ही हातांनी धरला होता. "येतो जी. पण ज्याईच्या समोर मले कुत्तेमार म्हटलं, त्याईच्या समोर येक डाव म्हणा, का चूक झाली."

"मी?" सेठ हसले. "तुला?"

"मंग राहू द्या जी."

तो कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरवून फाटकाबाहेर गेला. कोणी त्याला थांबवलं नाही. मीही नाही. मला संताप आला होता, आणि संतापलेला सरकारी नोकर जे करतो तेच मी केलं: चहा न घेता निघालो.

महिन्याभरात टायगरच्या जखमा भरल्या. मलम लागलं नाही. सेठ पाहुण्यांना सांगू लागले की ही परदेशी पद्धत आहे, तुमसरात फक्त त्यांच्याकडे आहे. रिकामा पिंजरा व्हरांड्यातून मागे गेला. नवीन चौकीदार ठेवला होता, त्याच्या हातचं कुत्रा कितीतरी दिवस नीट खात नव्हता, असं ड्रायव्हर सांगायचा.

तीनेक वर्षांनी लाखांदूरकडे लसीकरणाचा कॅम्प होता. दिघोरीत एका शेतकऱ्याच्या गोठ्यात दशरथ भेटला. आठ बैलांचा कारभार त्याच्याकडे होता.

"इथं कामाले आलो तवा मालकाच्या कानावर तेच होतं जी, का यानं मुकं जनावर मारलं," तो म्हणाला. "अशा माणसाले कोणी गोठ्याची चावी देत नाई. मंग हे दाखवलं." त्याने कोनाड्यातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. त्याला वाचता येत नव्हतं. तरी माझी चूक कबूल केलेल्या ओळीवर त्याने बरोबर बोट ठेवलं. मालकाने ती ओळ त्याला वाचून दाखवली होती.

मग त्याने एक बैल पुढे आणला. खांदा आलेला, सुजून कातडं सोललेलं. मेश्रामने सवयीने मलमाची बरणी उघडली. माझाही हात पेटीकडे गेला होता. दशरथ माझ्या हाताकडे पाहत होता.

मी हात मागे घेतला. "याला जुंपता ते जू कुठे आहे? आधी ते दाखव."

"आता इचारता जी!" दशरथ म्हणाला, आणि जू आणायला गेला.