बाबांच्या नावाची नोटीस

प्रिंटरमधून निघालेल्या गरम कागदाचा वास आला की मला आमच्या बोर्लीकडच्या गावातली मच्छीमार सोसायटीची खोली आठवते, खिडकीतून सुकत्या बोंबलांचा वास येणारी. सभेच्या नोटिसांवर सभासदांची नावं तिथले कारकून काका हातानं लिहायचे. त्या दिवशी त्यांना संध्याकाळी भाचीच्या हळदीला पोचायचं होतं. मी कॉलेजात नुकतीच पायथन शिकत होते, घाबरतच म्हणाले, "काका, मी करून बघू?" सभासदांच्या यादीत एखादं नाव पुन्हा आलं तर ते चुकून आलं असणार, असं समजून मी प्रोग्रामला ते गाळायला सांगितलं. नोटिसा भराभर निघाल्या. काकांनी गठ्ठा चाळला आणि हसायलाच लागले. "अगो पोरी, अर्धा गाव उडवलास. तुझ्या बापसाच्या नावाची नोटीस एकच हाय, ती द्यायची कोनाला?" आमच्या गावात आडनाव एकच, आणि आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत, त्यामुळे एका नावाची तीन-चार माणसं सहज निघतात. "मग ओळखायचं कसं?" मी विचारलं. "होडीच्या नावानं. दुसरं काय?" मग काका सांगत गेले, मी प्रत्येक नावापुढे होडीचं नाव टाकत गेले, आणि सगळ्या नोटिसा नीट निघाल्या. काका हळदीला वेळेत पोचले. घरी बाबांनी आपली नोटीस सावकाश वाचली, पुन्हा वाचली आणि विचारलं, "त्या कम्पुटरला आपली होडी म्हायत हाय?" मी हो म्हणाले. आजही एखादा प्रोग्राम नीट चालला, की तो आधी बाबांना दाखवावासा वाटतो.